सात नंबरची विहीर

सात नंबरच्या विहिरीतला पंप देझ्यो काकांनी छत्तीस वर्षं सांभाळला होता. आज तो वर काढून ट्रकवर निजवला, तेव्हा काकांनी रिवाजाप्रमाणे त्याच्यावर आलुबुखाराची घरची दारू ओतली.

"शहराला एकही दिवस कोरडं ठेवलं नाही गड्यानं!"

तेवढ्यात कंट्रोल रूममधून पिरोश्काचा फोन आला. "काका, नवा पंप इतक्यात चालूसुद्धा केलात? सातचा दाब झकास आलाय!"

नवा पंप अजून खोक्यात होता.

काकांनी सवयीनं विहिरीच्या रिकाम्या पाइपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला. आत तीच ओळखीची धडधड चालली होती, मधूनच अडखळणारी. अंगावर काटा आला, तरी छाती फुगलीच.

"माझाच आहे तो, पोरी."

"असेल हो," पिरोश्का हसली. "पण काका, नळाच्या पाण्याला दारूचा वास का येतोय?"