गुडघ्याच्या खाली

पडद्यावर बंद फाटक दिसत होतं आणि फाटकाच्या आत, रुळांवर, एक म्हातारा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले. यंत्राने त्याच्याभोवती लाल चौकट आखली. खाली अक्षरं उमटली : अडथळा.

"बघा," मोठे साहेब पाहुण्यांना म्हणाले. "हे फाटक इथून चाळीस किलोमीटरवर आहे. आपण इथूनच ते बंद करतो. मग रडार बघतं, आत कोणी अडकलंय का. असेल तर सिग्नल लाल. नसेल तर तीस सेकंदांत आपोआप हिरवा. माणसाचा हात कुठेच नाही."

"आणि तो उभा आहे तो?"

"तो आमचा जुना गेटमन. आता तिथली झाडलोट करतो. म्हटलं, आजच्यापुरता अडथळा हो."

पाचही पाहुणे हसले. दोनशे फाटकांवर हे यंत्र बसवायचं की नाही, ते त्यांच्याच हातात होतं.

यंत्रासमोर बसलेली ऑपरेटर हसली नाही. म्हातारा तिचा बाप होता. खोलीत कोणालाच ते माहीत नव्हतं. "आपलं नातं तिथे काढू नकोस," त्यानेच सकाळी बजावलं होतं. "तुझ्या नोकरीत माझा झाडू कशाला?"

साहेबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला होता. दुसऱ्या हातातल्या बिस्किटाचा चुरा बटणांवर पडत होता. तो तिने नखाने बाजूला सारला.

यंत्रावर तिचा राग नव्हता. मागच्याच महिन्यात रुळांत बंद पडलेली शाळेची गाडी याच रडारने हेरली होती, एक्सप्रेस फाटकाच्या अलीकडेच थांबली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर तिला दोन घास जास्त गेले होते.

"आणि समजा, एखादा चक्कर येऊन पडला तर?" चष्मेवाल्या पाहुण्याने विचारलं. "आडवा असला तर दिसतो?"

खुर्चीवरचा हात घट्ट झाला. आडवा माणूस दिसत नव्हता. गुडघ्याच्या खालचं काहीच रडारला दिसत नाही, ते खाली बसवा, असं तिने दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं : खाली बसवलं तर कुत्र्यामांजरांपायी गाड्या थांबतील, वेळापत्रकाचे तीनतेरा वाजतील.

"दिसणार की," साहेब म्हणाले. तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी माइकचं बटण दाबलं. "ऐकलंस का रे, जरा आडवा हो."

म्हाताऱ्याने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला. एक हात खडीवर टेकत, गुडघे सांभाळत तो सावकाश खाली बसला आणि दोन रुळांच्या मधे आडवा झाला.

चौकट थरथरली आणि गेली. हिरवी अक्षरं आली : मार्ग मोकळा. आकडे उलटे धावू लागले. तीस. एकोणतीस.

पाहुण्यांना सगळा खेळ दिसावा म्हणून अर्ध्या किलोमीटरवर मालगाडी आणून उभी केली होती. अशा चाचणीला सिग्नल लालवरच अडकवून ठेवायचा असतो. सकाळी साहेबांनीच ते बंधन काढायला लावलं होतं. सगळं आपोआप झालं पाहिजे, नाहीतर दाखवायचं काय, म्हणाले होते.

आकडा चोवीसवर आला तसं तिने लाल बटण दाबलं. आकडे थांबले.

"सिग्नल लालवर धरलाय," ती म्हणाली.

"एवढी काय घाई होती?" साहेब म्हणाले. "गाडी दिसली की उठलाच असता." मग पाहुण्यांकडे वळून, "म्हातारा पार वाळलाय हो. नुसती काडी. रडार तरी काय करणार?"

कोणीतरी हसलं. कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. साहेबांनी पुन्हा माइक दाबला. "अरे, एक हात वर कर."

खडीतून एक हात वर आला. त्याच्याभोवती लाल चौकट उमटली. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे हालचाल असली की दिसतं," चष्मेवाला म्हणाला.

"अगदी बरोबर."

बेशुद्ध माणूस हात कसा वर करणार, हे कोणीच विचारलं नाही. साहेबांच्या श्वासाला बिस्किटातल्या क्रीमचा गोड वास येत होता.

साहेबांनी चाचणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. 'आडवा माणूस : दिसला' हे आधीच छापलेलं होतं. "इथे सही कर."

तिने 'दिसला'वर काट मारली. शेजारी लिहिलं, 'दिसला नाही. सिग्नल हाताने धरला.' वेळ घातली, सही केली आणि कागद साहेबांना न देता चष्मेवाल्याच्या हातात दिला. मग माइक दाबला.

"बाबा, उठा आता."

चघळणारी तोंडं थांबली.

"तुझे वडील आहेत?" साहेब म्हणाले. "अगं, आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या कोणाला झोपवलं असतंत."

चष्मेवाल्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. "हे आधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"ही तांत्रिक बाब आहे," साहेब म्हणाले. "सविस्तर बोलू आपण. आधी जेवून घेऊ."

"दोनदा लिहून दिलंय," ती म्हणाली. "तारखा सांगते, लिहून घ्या."

चष्मेवाल्याने पेन काढलं. बाकीचे चौघे बशीकडे बघत राहिले.

पडद्यावर म्हातारा उठून उभा राहिला होता. पाठीला रुतलेले खडे झाडत तो खांबाजवळ आला आणि कॅमेऱ्याकडे मान वर करून बोलू लागला. खोलीतल्या स्पीकरवर त्याचा आवाज खणखणीत आला.

"साहेब, नीट दिसलो ना? नसेन दिसलो तर पुन्हा झोपतो."