धुऱ्यावरचा मुकुट

गोजरबाईनं फडकं सोडलं, भाकर शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात मांडली आणि समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाली, "जेवा आता. थंडी होऊन राह्यली."

तिची लेक पुष्पांजली चार हातांवर मोबाईल घेऊन उभी होती.  शेतात मायलेकींशिवाय चिटपाखरू नव्हतं. आणि माय ज्याला जेवू घालत होती, तो तिचा नवरा महादेवराव मागच्या साली याच शेतात, कपाशीच्या पऱ्हाटीत फवारणी करता करता पडला होता, तो उठलाच नव्हता. बीटी बियाण्याला अळी शिवत नाही, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं; गुलाबी अळीला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. बोंडं आतून पोखरली गेली. महादेवराव तोंडाला रुमालही न बांधता पंप मारत राहिला, आणि औषध अळीऐवजी त्याच्याच अंगात भिनलं.

पण हे भाकरीचं लचांड त्याच्या मरणानं नाही, पोरीनं सुरू केलं होतं. सोळा वर्षांची पोर. शाळेत तिला कुत्रं विचारत नव्हतं. 'ती, बाप मेलेली,' एवढीच तिची ओळख. रील काढली की मात्र फिल्टर तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवायचं, रंग उजळायचं, आणि बघणारी दहा-बारा टाळकी का होईना, वा वा करायची. तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

एकदा काय झालं, कॅमेऱ्यानं मागच्या बुजगावण्याला माणूस समजून त्यालाही मुकुट घातला. बुजगावण्याच्या अंगात महादेवरावाचा सदरा होता, आणि पोरगी तर भलती हुशार! तिनं त्याच्या डोक्याच्या मडक्यावर कोळशानं नीट डोळे काढले, ते पऱ्हाटीत असं दडवलं की बघणाऱ्याला पानंच दिसावीत आणि कॅमेऱ्याला तेवढा चेहरा सापडावा. पुढं ती, मागं हवेत तरंगणारा मुकुट. खाली लिहिलं, 'बाबा अजून शेत राखतात.'

झालं! रील जी सुटली, ती कुणाच्या हाती राहिली नाही. वडनेर भोलजी गावची पोरं मोटारसायकली काढून शेत बघायला आली. वर्गात तिच्यासाठी बाकावर जागा होऊ लागली. 'बाप मेलेली'ची ती 'बापवाली' झाली. मेलेल्या बापानं पोरीला जिवंत केलं म्हणा ना. मग रोज नवी रील, रोज तोच मुकुट.

गोजरबाईनं ती रील शेजारच्या सिंधूताईच्या मोबाईलवर पाहिली. रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकर घेऊन धुऱ्यावर यायला लागली. बुडत्याला काडीचा आधार. गाय व्यायल्याचं सांगायची, बोंडं कशी धरलीत ते सांगायची. एक दिवस कपाळावर कुंकू लावून आली. गाव कुजबुजलं. पुष्पांजलीला लाज वाटली, भीतीही वाटली, तरी तिनं त्या कुंकवाची रील काढली. तीच सगळ्यांत जास्त चालली.

आज माय जरा वेगळंच बोलली. "पुष्पे, तुह्या मोबाईलमंदी येतात ते. तूच इचार त्यायले. मले कवा नेता म्हणा." आणि तिनं फडक्यातून फवारणीच्या औषधाची बाटली काढून भाकरीजवळ ठेवली. मिठाची पुडी ठेवावी तशी, सहज.

पुष्पांजली धावली. बाटली धुऱ्यापलीकडच्या नाल्यात भिरकावली, पऱ्हाटीत घुसून बुजगावणं उपटलं आणि मडकं मायपुढं आपटलं. "पाह्य माय, मडकं हाय हे! डोये म्याच काढले. लोकायनं मले पाह्यावं म्हणून केलं म्या. बाबा नाहीत इथं. बाबा मेले, माय!"

'बाबा मेले' हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले. ती हमसून हमसून रडायला लागली. गोजरबाई खापऱ्यांकडं बघत राहिली. मग तिलाही हुंदका फुटला. वर्षभर अडून बसलेलं रडू एकदाचं मोकळं झालं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि पुष्पांजलीला वाटलं, सुटलो गं बाई दोघी.

"एक डाव दाखव मोबाईल," माय डोळे पुसत म्हणाली. "आता मडकं नाही, तं काय दिसते पाहू दे. मंग माह्या जिवाची खात्री होईन. मंग नाही येत मी भाकर घिऊन."

पुष्पांजलीला तेच हवं होतं. तिनं मायच्या गालाला गाल लावला, हात लांब केला. मागं नुसता धुरा आणि भाकर. फिल्टर लागलं.

दोन मुकुट आले. एक गोजरबाईच्या डोक्यावर बसला. दुसरा मागं, भाकरीपुढं मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवर, रिकाम्या हवेत.

पुष्पांजलीच्या कपाळावर काहीच नव्हतं. तिनं केस मागं सारले. ओढणीनं कॅमेरा पुसला. मोबाईल जवळ आणला, लांब नेला, हसून पाहिलं. ते दोन्ही मुकुट हलत होते, डुलत होते. तिच्या चेहऱ्यावर एक फूलही येईना.

गोजरबाईनं मोबाईलमध्ये पाहिलं, मागं वळून धुऱ्याकडं पाहिलं. मग ताप बघावा तसा लेकीच्या गालावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आमी दोघंबी सापडलो मोबाईलले. पुष्पे, तू कुठी हायस वं?"