पाचवा वाटा

कांदळवनात वानरासारखे प्राणी दिसतात, या तक्रारीच्या चौकशीला वनपाल मृदुला होडीतून निघाली होती. प्राणीच निघाले, तर उद्या पिंजरे येणार होते. वल्हं हिराबाईच्या हाती होतं. दहा वर्षांपूर्वी चिखलात तगून राहायची लस टोचून एका कंपनीने इथे मजूर उतरवले होते. हिराबाईचा नवरा त्यांतच मेला, असं कागद सांगत होते.

समोर चार केसाळ आकृत्यांनी खेकड्यांचे पाच वाटे घातले, चार उचलले आणि त्या तिवरांआड गेल्या.

हिराबाईने उतरून पाचवा वाटा ओच्यात घेतला.

“हा कुणाचा?” मृदुलाने विचारलं.

“विधवेचा, मॅडम. आमच्या कोळीवाड्यात तो काढल्याशिवाय कुणी आपला उचलत नाही.”

“आणि काढला कुणी?”

“माझ्या नवऱ्यानं,” हिराबाई म्हणाली. “आपण मेलो, असं तोही धरून चाललाय.”