भिंतीवरच्या चार टोप्या

"हे भंगारात घाल नाहीतर उशाला घे. माझ्या हातून चाकात जाणार नाही."

म्हाताऱ्या फिटरने स्पेसर काचवालीच्या हातात परत दिला. स्पेसर म्हणजे आसाच्या टोकाचा गोल हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची जाड धातूची चकती. चाक तेवढं बाहेर सरकतं. काचवालीच्या दिराने चार आणून दिल्या होत्या, लालभडक, पन्नास मिलिमीटरच्या. गाडीला ऐट येईल म्हणाला होता.

तिला ऐट नको होती. तिच्या पिकअपवर खिडक्यांच्या काचा उभ्या लागायच्या आणि वळणावर गाडी झोल खायची. म्हणून तिने रुंद टायर टाकले, तर ते आतून स्प्रिंगला घासायला लागले. गेल्या आठवड्यात तीन काचा तडकल्या. एका शाळेच्या नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा पोचवायचं काम तिच्याकडे होतं. तिथल्या मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं, आणखी एक काच फुटली की दुसरी गाडी बघतो.

"नवेकोरे आहेत, मामा. वाईट काय आहे त्यांत?"

मामांनी चकती हबवर चढवली आणि मधल्या फटीत अंगठ्याचं नख घातलं. नख सरळ आत गेलं. "चाकाचा भार हबने घ्यायचा. नटांनी नुसतं धरून ठेवायचं. इथे नटांनाच ओझं उचलावं लागणार. धरायला ठेवलेल्या माणसाने हमाली किती दिवस करायची?"

मग ते मोजायला बसले. टायर आत किती घासतो, बाहेर मडगार्डपर्यंत जागा किती, हबचे जुने बोल्ट किती पुढे येतात. डावा पाय ओढत गाडीभोवती तीन फेऱ्या झाल्या. शेवटी फळीवरून तीस मिलिमीटरचे चार स्पेसर निघाले. रंग नाही, चकाकी नाही. पण हबवर असे बसले की फटीत कागदसुद्धा शिरेना.

"याहून पातळ घेतले तर जुने बोल्ट चाकाला आडवे येतात. जाड घेतले तर बेअरिंग रडतं. दिराला सांग, ऐट हवी असेल तर टोपी घाल."

काचवाली भांडायच्या तयारीने आली होती. ती उभी राहून बघायला लागली. मामांनी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने असा काढला की तिला स्वतःच्या भांड्यांची लाज वाटली. नट आवळले तेही समोरासमोर, एक इकडचा, एक तिकडचा. हातातला लांब पाना ठरलेल्या जोराला 'टक्' करायचा आणि हात तिथेच थांबायचा. टक् झाल्यावरही जोर लावतो तो फिटर नव्हे, पैलवान. असे पैलवान गल्लोगल्ली बसलेत आणि लोक त्यांनाच उस्ताद म्हणतात.

काम संपलं. मामांनी तिच्या चाकांवरच्या चार टोप्या, व्हीलकॅप, उचलल्या आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगल्या.

"अहो, त्या माझ्या आहेत."

"शंभर किलोमीटर झाले की ये. चाकं काढून स्पेसरचे आतले नट परत बघतो. मग टोप्या मिळतील."

"आता तर आवळलेत ना? तुमचा तुमच्याच हातावर भरवसा नाही?"

"नवा स्पेसर आणि नवा जावई. पहिले शंभर किलोमीटर दोघांवर भरवसा ठेवायचा नाही."

भिंतभर टोप्या होत्या. धुळीने माखलेल्या, कडा तुटलेल्या. फक्त चार टोप्या रोज पुसल्यासारख्या चमकत होत्या. लोकांच्या वस्तू लाटायची ही भलतीच तऱ्हा, काचवालीने मनात म्हटलं आणि बोडक्या चाकांची गाडी घेऊन निघाली.

गाडी वळणावर खांबासारखी उभी राहिली. दोन दिवसांत एकही काच तडकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम स्वतः गेटवर आला. "आता मोठ्या हॉलच्या काचा. माणसापेक्षा उंच आहेत. तुझ्याच गाडीतून येऊ देत."

तिने किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं. मामांकडून निघाल्यापासून अठ्ठ्याण्णव.

"वहिनी, प्लास्टिकच्या चार टोप्यांसाठी उलटी जाणार?" शेजारच्या सीटवरून दीर म्हणाला. "आधी खेप टाकू."

"त्या थेरड्याकडे माझी वस्तू राहू देणार नाही," ती म्हणाली आणि रिकामी गाडी वळवली. रागानेच गेली ती. शहाणपणाने गेली असं सांगणारा खोटं सांगेल.

मामांनी चाकं काढली. उजवी दोन्ही ठीक निघाली. पुढचं डावंही. मागच्या डाव्या चाकाआड तीन नट पुरता पाव वळसा फिरले, तेव्हा कुठे पाना टक् म्हणाला. काचवालीच्या डोळ्यांसमोर माणसापेक्षा उंच काचा उभ्या राहिल्या. ती जवळच्या टायरवर खाली बसली.

मामांनी तिच्या टोप्या भिंतीवरून काढून फडक्याने पुसल्या आणि एकेक करून स्वतः चाकांवर ठोकून बसवल्या.

जगात नट आवळणारे पोत्याने मिळतात. स्वतः आवळलेल्या नटावर संशय घेणारा एखादाच. ती उठली. काहीतरी बोलावं म्हणून तिने भिंतीकडे बोट केलं.

"बाकीच्या टोप्यांचे मालक आलेच नाहीत ना? मग त्या चारच रोज का पुसता? कुणाच्या आहेत?"

मामांनी पाना जागेवर टांगला. स्टुलावर टेकून डावा पाय दोन्ही हातांनी उचलून समोर घेतला.

"माझ्याच गाडीच्या," ते म्हणाले. "म्हटलं, नट आपल्याच हातचे आहेत. परत काय बघायचे."