तिसरा आकडा

दर दहा वर्षांनी संशोधिका घरी यायच्या आणि तोच प्रश्न विचारायच्या: "तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? एक ते दहामधला आकडा लिहा." तिने तिशीत आठ लिहिला होता, चाळिशीतही आठच. आज, पन्नाशीत, संशोधिकाबाईंसमोर पेन्सिल हातात घेऊन ती नुसतीच बसली. मध्येच उठून तिने खिडकी उघडली, पुन्हा लावली. "दिवसभर ग्रंथालयात पुस्तकांना नंबर देतेस, इथे एक आकडा सुचेना?" शेजारी बसलेला नवरा हसला. "लिही की आठ, दरवेळेसारखा." "अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती म्हणाली. असं तिने त्याला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून तो गुपचूप उठला. दार लागलं. तिने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं, पण तीन उमटलाच. "बाई, मागचे दोन्ही आठ मी यांच्यासमोर लिहिले होते. आता खोडता येतील?"