सानवी बोलतेय

सावित्रीबाई ग्रुपमधून बाजूला झाल्याचं अ‍ॅपनं आधी दीपालीलाच कळवलं. पडद्यावरच्या नकाशात, दुबईच्या सोनेबाजारात, बाकीचे सगळे ठिपके एका जागी होते. एकच ठिपका हळूहळू एका गल्लीत शिरत होता.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या टूर कंपनीच्या ऑफिसात बसून दीपाली दिवसभर हेच करायची. परदेशी गेलेल्या गिऱ्हाइकांशी अ‍ॅपवर 'सानवी' या नावानं बोलायचं. चहा मिळाला का, झोप लागली का, उद्या ऊन आहे, टोपी घ्या. वयस्क बायकांना 'आई' म्हणायचं, हा कंपनीचा नियम. बहुतेक जण उत्तरही देत नसत. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःच्याच गोड बोलण्याचा वीट यायचा.

मॅनेजर अजिंक्य तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"टूर लीडरचा फोन होता. ती म्हातारी कुठे गेली?"

"रस्ता चुकल्यात. मला दिसतायत इथे. मी बोलते."

"खेडकडच्या ना त्या? रद्द झालेल्या सीटवर तूच बसवलंस त्यांना. या वयात एकटीला कशाला पाठवायचं?"

"त्यांना जायचंच होतं."

"बसपाशी आण लवकर. सगळे खोळंबलेत."

दीपालीनं इअरफोन कानात घातले.

"आई, सानवी बोलतेय. घाबरू नका."

"घाबरत नाय गो बाय. पन पाय चालत नायत."

"मग बसा जरा कुठल्या तरी पायरीवर. पाणी प्या."

पलीकडे धाप ऐकू येत राहिली. दीपालीनं डोळे मिटून घेतले. दुबई तिनं कधी पाहिली नव्हती. पण नोकरीला लागल्यापासून त्या गल्ल्या पडद्यावर इतक्या वेळा चाळल्या होत्या, की आता झोपेतही त्या सरत नसत.

"उठा आता, आई. औषधांच्या दुकानावरून उजवीकडे. पुढे मशीद लागेल, तिच्या मागच्या अंगाला."

"किती राहिलं?" अजिंक्यनं आपल्या टेबलावरून विचारलं.

"आल्याच."

सावित्रीबाई दोनदा चुकल्या. एकदा कुणा दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, तर तिथून उठायलाच तयार होईनात. "राहू दे गो, मी जाते परत," म्हणाल्या.

"इतक्या लांब आलात, आई," दीपाली म्हणाली. तिचा आवाज सानवीसारखा गोड राहिला नव्हता. "आता नका मागे फिरू."

त्या उठल्या.

"निळा दरवाजा दिसला? आत जा. लिफ्टनं तिसरा माळा."

अजिंक्यनं मान वर केली. "लिफ्ट? दीपाली, कुठे नेतेयस तू त्यांना?"

दीपालीनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला.

"बेल वाजवा, आई."

बेल वाजली. कडी सरकली.

"आये?" एका पुरुषाचा आवाज आला. "तू हितं? पत्ता कुनी दिला तुला?"

"तुज्या बायकोनं हुडकून काढलान," सावित्रीबाई म्हणाल्या. "ही बघ, फोनवर हाय. बोल तिच्याशी."