माणशी फी

“माणशी पंधरा हजार,” वकील म्हणाला. “तुम्ही आणि दोन मुलगे, तिघं वारस. पंचेचाळीस झाले.”

गोदाक्कांनी पदर खोचला. नवरा जाऊन महिना झाला होता, पण घासाघीस काही गेली नव्हती. भाजीवाल्याला रडवणारी बाई वकिलाला थोडीच सोडणार? “अहो, मेलेला माणूस एक, घर एक, काम एक. माणशी पैसे लावायला ही काय लग्नाची पंगत आहे?”

“काकू, आमची पद्धतच आहे तशी. वारस कमी असते, तर फी कमी झाली असती.”

मुलगे खिडकीबाहेर बघत होते.

आक्का हसल्या. “मग माझं नाव काढा की! घर माझ्या नावावर काय नि पोरांच्या नावावर काय. तीस हजारांत भागवा.”

“तुमच्यापुढे कोण बोलणार!” म्हणत वकिलाने ड्रॉवर उघडला. हक्कसोडपत्र टाईप होऊन तयारच होतं, आक्कांच्या नावासकट. त्यांनी चष्मा न लावताच सही केली. लगेच शेजारच्या निबंधक कचेरीत जाऊन अंगठाही दिला.

पायऱ्या उतरताना त्या खुशीत होत्या. “पंधरा हजार वाचवले की नाही? त्यात मोरीला नवी फरशी घाला रे. पाय घसरतो माझा.”

थोरल्याने त्यांचा दंड हळुवार धरला. “मोरीचं आता सोड, आई. वृद्धाश्रमातली फरशी चांगली खरखरीत आहे. आम्ही कालच बघून आलोय.”